होल्डवरचा अंगठा

१४ जानेवारी, मंगळवार

कंपनीनं निरोपाला एक पुष्पगुच्छ, एक भिंतीवरचं घड्याळ आणि ही डायरी दिली. पुष्पगुच्छ वाळला, घड्याळ बंद पडलं, डायरी उरली. हिच्या प्रत्येक पानाखाली ‘गुणवत्ता म्हणजे माणूस’ असं छापलंय. माझ्या जागी कॅमेरा बसवणाऱ्यांनीच हे छापून घेतलं, म्हणजे विनोदबुद्धी कमी नव्हती म्हणायची.

सतरा वर्षं चाकणला ॲल्युमिनियमचे पार्ट तपासले. एका पार्टला आठ सेकंद. चीर, भोक, रंगातला फरक बघायचा आणि ठरवायचं: ओके, दुरुस्तीला म्हणजे रिवर्क, की मोडीत म्हणजे रिजेक्ट. ठरवता येत नसेल तर होल्ड. पिवळी पट्टी लावून वरच्याकडे पाठवायचं. मी होल्ड फारसं कधी लावलं नाही. होल्ड लावलं की सुपरवायझर विचारायचा, मॅडम, तुम्हाला पगार कशाचा?

आता वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्या पायाची नखं कापणार आहे. चिंचवडच्या पार्लरमध्ये तीन महिने शिकून झालं. आमच्या लेकीनं, श्रद्धानं, हॉस्टेलवरून फोनवरच धंद्याला नाव दिलं, ‘पाऊल’. निरंजन म्हणाला, कल्पना छान आहे, फक्त कंपनीतल्या लोकांना सांगू नकोस. नवऱ्याचा पाठिंबा असावा तर असा.

आज संक्रांत. सासूबाईंना तिळगूळ देऊन नमस्काराला वाकले, तर त्यांनी दोन्ही पाय पलंगाखाली ओढून घेतले. “राहू दे. तिथूनच कर.” एकवीस वर्षांत पहिल्यांदा. कारण उघड आहे. जे हात उद्यापासून परक्यांचे पाय धरणार, ते परभणीच्या अंबुबाईंच्या पायांना कसे चालतील? मीही म्हटलं, ठीक. वर्षातून दहा-बारा वेळा वाकायचं वाचलं.

२३ जानेवारी, गुरुवार

निगडीला एका निवृत्त सिस्टरांनी वयस्कर माणसांच्या पायांची एक दिवसाची शिकवणी घेतली. आम्ही अकरा जणी. दहा जणी नेलपॉलिशच्या छटा विचारत होत्या, मी वही भरत होते. सवय.

सिस्टरांनी सांगितलेलं: आधी पाय उजेडात धरा, मग कात्री. नख जाड आणि पिवळं झालंय का, खालून सुटलंय का, कोपरा मांसात शिरलाय का, बोट सुजलंय, गरम लागतंय, वास येतोय का. काळा डाग असेल तर नखावर कानशीनं बारीक रेघ मारा. मुका मार असेल तर डाग रेघेबरोबर पुढे सरकतो आणि मुळाशी कोरं नख येतं. जागचा हलला नाही तर वाईट. पण महिनाभर वाट बघत बसू नका, आधी डॉक्टरकडे पाठवा. नख सरळ कापा, कोपरे कोरू नका. आणि साखर असलेल्या माणसाला जखम असून दुखत नसेल, तर जास्त घाबरा.

शेवटी म्हणाल्या, “तुमचं काम बघायचं. आजाराचं नाव डॉक्टर सांगतील. तुम्ही सांगायचं नाही.” एवढंच वाक्य मी लिहून न घेता नुसती मान डोलावली होती, आत्ता आठवून लिहितेय.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिलं गिऱ्हाईक, चऱ्होलीच्या इंदुताई. सासूबाईंची भजनातली मैत्रीण. पूर्वी चिखलीत आमच्या शेजारी राहायच्या, आता मुलाबरोबर बाराव्या मजल्यावर. नखं बघून माझी कात्रीच घाबरली. अंगठ्याचं नख बोटावरून वळून खाली उतरलेलं. तीन वर्षं कुणी कापलंच नव्हतं. त्यांना वाकता येत नाही, आणि सुनेला सांगायची लाज वाटते म्हणे.

मी म्हटलं, इंदुताई, लाज कसली? पोटाचं ऑपरेशन गावभर सांगता आणि नखाचं सुनेला सांगत नाही? घरातल्या माणसाला नाही सांगायचं तर कुणाला? त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुझ्या सासूला विचार. मी विचारलं नाही. आमच्याकडे पायांचा विषय संपलाय.

दीड तास लागला. शेवटी त्या स्वतःच्या पायांकडे बघत राहिल्या. कंपनीत सतरा वर्षांत एकही पार्ट स्वतःकडे असं बघून खूश झाला नव्हता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

निरंजनचे मोजे गायब होतायत. कंपनी सेफ्टी शूजबरोबर करडे जाड मोजे देते, वर्षाला चार जोड. दोन जोड नाहीत. मशीन खातं म्हणावं तर आमच्या मशीननं आजवर रुमालसुद्धा खाल्लेला नाही.

चोर आज सापडला. सासूबाईंच्या पायात होते. थंडी वाजते म्हणाल्या. आमच्या रावेतला फेब्रुवारीत दुपारी पंखा लागतो, पण वाजत असेल. शिवाय मोजे त्या मशीनमध्ये टाकत नाहीत, पहाटे उठून स्वतः हातानं धुतात. माझं धुणं त्यांना स्वच्छ वाटत नाही, हे कळवायची ही नवी तऱ्हा. बाथरूमला मग दिवसभर दवाखान्याचा वास येतो, इतकं औषध पाण्यात घालतात. माझ्या स्पर्शाचं एवढं निर्जंतुकीकरण आजवर कुणी केलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

निघोज्याचे उद्धवराव. वय अठ्ठ्याहत्तर. आधी शेती, मग प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षं, आता बंगल्याच्या व्हरांड्यात खुर्ची. उजव्या अंगठ्याच्या नखाखाली काळा डाग, पाव इंच तरी. त्यांचं म्हणणं, काही नाही, कंपनीचा अंगठा आहे. या पट्ट्यात सेफ्टी शूज घातलेल्या प्रत्येकाचा एक तरी अंगठा काळा असतो, त्यामुळे काळं नख दिसलं की सगळे बुटावर ढकलतात. पण गृहस्थ निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तो बूटसुद्धा विसरला असेल.

रेघ मारली. डॉक्टरला दाखवा म्हटलं. इथपर्यंत सगळं सिस्टरांच्या वहीबरहुकूम. मग त्यांची सून तनुजा आतून आली आणि विचारायला लागली, म्हणजे नक्की काय असू शकतं? मी म्हटलं, डॉक्टर सांगतील. ती म्हणाली, तरी पण? आणि माझ्यातली सतरा वर्षांची तपासनीस जागी झाली. मी म्हटलं, कॅन्सरसुद्धा असू शकतो.

आठ सेकंद. रिजेक्ट.

३ मार्च, सोमवार

मुका मार निघाला. उद्धवरावांनी जानेवारीत गॅसचं सिलिंडर पायावर पाडून घेतलं होतं आणि सुनेचं बोलणं नको म्हणून लपवलं होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी दुर्बिणीसारखं काहीतरी लावून पाच मिनिटांत सांगितलं. तोवर त्या घरात चार दिवस चूल पेटली नव्हती, नातेवाईक जमले होते आणि एका आत्यानं मृत्युपत्राचा विषयसुद्धा काढला होता.

तनुजानं हे सगळं तीन ग्रुपवर टाकलं. ‘नखं कापायला बोलावलं तर बाई कॅन्सर सांगून गेली.’ संध्याकाळपर्यंत पाच जणांनी वेळ रद्द केली. एकीनं कारण लिहिलं, ‘आमच्या आजींना टेन्शन नको.’ नखं वाढू देत, टेन्शन नको.

निरंजन रागावला नाही, ते जास्त लागलं. म्हणाला, विजू, तू नखं काप ना फक्त. तुला कोण विचारतंय ती कशी आहेत ते? अगदी बरोबर. कंपनीतही हेच सांगत होते.

मला लाज वाटतेय. चूक माझी होती, हे लिहायला पान पुरतंय, पण सांगायला कुणी नाही.

६ मार्च, गुरुवार

ठरलं. यापुढे कुणाच्या पायाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. कापा, घासा, क्रीम लावा, नमस्कार करा, घरी या.

आज सासूबाईंनीही हात धुवून घेतले. मी भाजी निवडत होते. खुर्चीत बसून, दुसरीकडे बघत त्यांनी विचारलं, “त्या निघोज्याच्या म्हाताऱ्याचा अंगठा कापला का?”

नाही कापला, काही झालं नव्हतं त्याला, म्हटलं. सगळ्यांना पाठ झालंय ते तुम्हालाही माहीत असेलच.

थोड्या वेळानं पुन्हा. “अन् दुखत नसंल, तर चांगलंच असतंय की?”

टोमणा मारायचा तर असा, की समोरच्याला धरता येऊ नये. उद्धवरावांचा डाग दुखत नव्हता आणि मी उगीच आकाश डोक्यावर घेतलं, असं त्यांना म्हणायचं होतं. मी मेथीची जुडी आपटली. म्हटलं, मला नका विचारू, मी आता कुणालाच काही सांगत नाही.

 त्या भिंतीला धरत आपल्या खोलीत गेल्या. हल्ली सगळं भिंतीला धरून चालतं. संध्याकाळी खाली बाकावर जाणंही बंद केलंय. सुनेचे पराक्रम ऐकावे लागतात म्हणून असेल.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. गुढी निरंजननं उभारली. सासूबाई दरवर्षी गॅलरीत उभ्या राहून कडुलिंबापासून गाठीपर्यंत प्रत्येक गोष्टीत चूक काढतात. यंदा खुर्चीतूनच काढली. नवी साडी, नाकात नथ, आणि पायात करडे मोजे.

यंदा मी नमस्काराला गेलेच नाही. एकदा पाय ओढून घेतल्यावर दुसऱ्यांदा वाकायला मी काही स्प्रिंग लावलेली नाही. निरंजन वाकला तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पण वाकायच्या आधीच त्याचे खांदे धरून त्याला उभं केलं. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, बघा, मुलाला तर मिठी.

सासऱ्यांच्या फोटोला हार घालायला मात्र त्या उठल्या. सासरे साखरेनं गेले, माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय, मग राहिलंच नाही काही. सासूबाईंनाही साखर आहे, “थोडीशीच” आहे. त्या आज फोटोपुढे जरा जास्तच वेळ उभ्या होत्या. श्रीखंड दोनदा घेतलं.

८ एप्रिल, मंगळवार

उद्धवरावांचा स्वतःहून फोन. “व्हय, मी निघोज्याहून. तो डाग रेघंसंगं पुढं सरकलाय बगा. मागनं कोरं नख आलंय.” मी म्हटलं, बरं झालं. तर म्हणाले, “डागदर म्हनला, दाखवाया आला ते ब्येस केलं. सुनंला कळत न्हाई. तुमी येत जा.”

म्हणजे दीड महिना एक म्हातारा रोज सकाळी उजेडात पाय धरून माझ्या रेघेचं माप घेत होता. कंपनीत माझ्या कामाचं इतकं ऑडिट कुणी केलं नव्हतं.

जेवताना हे सांगितलं. निरंजन मोबाइलमध्ये. सासूबाईंचा घास मात्र हातातच राहिला. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. दाखवायला गेला ते बरं केलं, असंच म्हणाला का डॉक्टर? मी म्हटलं, हो. कापलं नाही ना काही? नाही म्हटलं. आमच्या घरात माझ्या कामाविषयी एवढी चौकशी म्हणजे नवलच.

१३ एप्रिल, रविवार

काल लिहिण्याची ताकद नव्हती.

काल अकरा वाजता चऱ्होलीची वेळ होती. इंदुताईंनी फोन केला होता, माझी एक मैत्रीण येतेय, तिची नखं बघ. नाव विचारलं तर म्हणाल्या, आल्यावर कळेल. सासूबाई सकाळीच रिक्षा सांगून आळंदीला दर्शनाला निघाल्या होत्या. मी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. सतरा वर्षं तपासनीस होते, असं मी लोकांना सांगते.

इंदुताईंनी दार उघडलं. खिडकीजवळच्या खुर्चीत अंबुबाई बसलेल्या, पायात करडे मोजे. मी दारातच उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, “घरी मी सासू. हितं गिऱ्हाईक. काम कर.”

डावा मोजा निघाला. उजवा निघेना. अंगठ्याजवळ चिकटला होता. स्वच्छ पाण्यानं भिजवत भिजवत सोडवला. मग तो वास आला, आणि दोन महिने बाथरूममधलं औषध कशावर पांघरूण घालत होतं ते मला कळलं.

नख जाड, पिवळं, आणि आतला कोपरा सरळ मांसात रुतलेला. त्याच्या कडेनं काळं. बोट तांबडं, सुजलेलं, हाताला गरम. जखमेत मोज्याचे करडे धागे. मी बाजूला हलकेच दाबलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

म्हणाल्या, दिवाळीत स्वतः नख कापताना कोपरा राहिला. तेव्हा दुखायचं. आता दोन महिने झाले, दुखत नाही. “म्हणून तर तुला विचारलं होतं.”

मेथीची जुडी आठवली. 

मला आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं, आणि विचारताना इंदुताईंना दिलेलं व्याख्यान आठवून जीभ चावली. सासूबाई म्हणाल्या, सांगितलं असतं तर निरंजननं दवाखान्यात नेलं असतं. “ह्यांचा आधी अंगठाच घेतला होता. अंगठाच तर आहे, म्हणाले होते.”

मग संक्रांतीचं. माझी बोटं नमस्कारात नेमकी अंगठ्यालाच लागतात, आणि साडीच्या काठाआड त्याला चिंधी गुंडाळलेली होती. “म्हणून पाय घेतले आत. तुला काय वाटलं ते मला कळलं. वाटू दिलं. तू रागात असलीस की खाली बघत नाहीस.”

दोन महिने मी रोज दुसऱ्यांचे पाय उजेडात धरत होते आणि माझ्याच घरात रागानं मान वर करून चालत होते. हे त्या चिडून बोलल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी पाय माझ्या मांडीवर ठेवला. “त्या निघोज्याच्या म्हाताऱ्यापायी गावाची बोलणी खाल्लीस. मला खोटं सांगणार नाहीस. सांग. रिवर्क का रिजेक्ट?”

हे शब्द त्यांना माहीत आहेत हेच मला माहीत नव्हतं. सतरा वर्षं रात्रीच्या जेवणाला मी कंपनीचं सांगायची आणि त्या वाढत असायच्या.

ओके म्हटलं असतं तर त्या घरी आल्या असत्या. रिजेक्ट म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. मी कात्री पेटीत ठेवली आणि म्हटलं, “होल्ड.”

“म्हंजे?”

“म्हणजे मी हात लावायचा नाही आणि सोडूनही द्यायचं नाही. वरच्याला दाखवायचं. आजच.”

“मोडीत नाही काढायचं?”

मला माहीत नव्हतं, आणि तसंच सांगितलं. मग मी रडले. सेवेच्या यादीत रडणं नाही, पण गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही. पदर पुढे केला.

स्वच्छ पट्टी बांधली, निरंजनला शिफ्टवरून बोलावलं आणि दुपारी दोनला पायाच्या डॉक्टरांकडे पोचलो. अर्धं नख काढलं, जखम साफ केली, एक्स-रे घेतला. हाडापर्यंत गेलं असेल तर वेगळं बोलावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ते ‘वेगळं’ काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. सासूबाईंनी पूर्ण वेळ माझं मनगट धरलं होतं. करकचून. अजून वळ आहे.

रात्रभर कुणी झोपलं नाही. निरंजननं एकदाच विचारलं, तुला दिसलं कसं नाही? मी म्हटलं, मोजे तुझे होते.

१९ एप्रिल, शनिवार

हाड सुरक्षित. रक्ताच्या चाचण्या, औषधं, इंजेक्शनं, आणि ती ‘थोडीशी’ साखर तीनशेवीस निघाली. अंगठा राहणार. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन आठवडे गेले असते तर सांगता आलं नसतं.

पट्टी रोज मी बदलते. रोज सूचना मिळतात: हळू, तिकडून नको, कापूस जास्त झाला. म्हणजे बरं वाटतंय. श्रीखंडाचा डबा शेजारी देऊन आले, तर आज पुन्हा अबोला आहे.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. सकाळी निघोज्याला जाऊन आले. तनुजानं चहा दिला. निघताना तिनं स्वतःच्या आईचा नंबर दिला. चिखलीला राहते, बघून या म्हणाली. काही दिसलं तर नाव सांगू नका, नुसतं डॉक्टरकडे पाठवा, हेही तिनंच मला शिकवलं. शिकून घेतलं.

घरी आले तर सासूबाई पलंगावर तयार होऊन बसलेल्या. नवी साडी. मोजे नाहीत. दोन्ही पाय पलंगाच्या कडेला, खिडकीच्या उजेडात. पट्टी सुटलीय. अंगठा अर्ध्या नखाचा, गुलाबी, ओबडधोबड, पण जागच्या जागी.

मी हात धुवून आले. निरंजन आधी वाकून मोकळा झाला होता. माझी पाळी आली. एकवीस वर्षं मी हे करतेय. वाकणार तेवढ्यात त्यांनी हात आडवा केला.

“चष्मा कुठाय?”

टेबलावर आहे म्हटलं.

“मग असा कसा नमस्कार? आधी चष्मा लाव.”

लावला. वाकले. दहाही बोटं एकेक करून बघितली, आठ सेकंदांत नाही. कंबर अजून दुखतेय.